बालपणीची भावनिक आबाळ आणि स्वतःच्या पायांवर उभे राहणे : एका थेरपी सेवेचे परीक्षण

लहानपणी ज्यांची भावनिक आबाळ झाली अशा प्रौढ माणसांना स्वतःची ओळख आणि स्वातंत्र्य घडवायला मदत करू, असे सांगणाऱ्या एका ऑनलाइन थेरपी सेवेचे हे परीक्षण आहे. सुरुवातीला सविस्तर प्रश्नावली आणि मुलाखत, त्यानंतर दर आठवड्याला व्हिडिओवर ५० मिनिटांचे वैयक्तिक सत्र, दोन सत्रांच्या मध्ये थोडे लेखन आणि जोडीला एक मोबाइल अ‍ॅप, असे तिचे स्वरूप आहे. सेवेचे नाव मी देत नाही, कारण माझ्या काही तक्रारी गंभीर आहेत आणि थेरपीत एकाचा अनुभव दुसऱ्याला तंतोतंत लागू पडत नाही. अशा कोणत्याही सेवेकडून काय मिळू शकते आणि काय तपासून घ्यावे, हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते. माझे मत मात्र आधीच नोंदवते. या सेवेत माणसाकडे असलेले काम उत्तम होते, अ‍ॅपकडे सोपवलेले काम वाईट होते, आणि तिला जी एक गोष्ट नेमकी कळलेली आहे ती मला इतरत्र आढळली नाही: ज्याचे कोणावाचून काहीच अडत नाही, तो माणूस स्वतंत्र असतोच असे नाही.

भावनिक आबाळ ओळखणे अवघड असते, कारण बोट ठेवून दाखवता येईल असे काही घडलेलेच नसते. ज्याच्यावर हात उगारला गेला किंवा ज्याला सतत घालूनपाडून बोलले गेले, त्याच्याकडे निदान सांगण्यासारखे प्रसंग असतात. इथे कपडालत्ता, शाळा, औषधपाणी सगळे वेळच्या वेळी मिळालेले असते. फक्त मूल रडले तर का रडले हे कोणी विचारलेले नसते, ते हरखून काही सांगायला आले तर ऐकणाऱ्याचे लक्ष भलतीकडे असते, ते घाबरले आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि हे वर्षानुवर्षे होत राहते. आपल्या मनात जे चालते त्याच्याशी कोणाला कर्तव्य नाही, असा अर्थ मूल त्यातून काढते आणि हळूहळू स्वतःही तिकडे बघेनासे होते. मोठेपणी असा माणूस थेरपिस्टसमोर बसतो तेव्हा "तसं माझं बालपण चांगलंच गेलं" हे वाक्य त्याच्या तोंडून फार लवकर येते, आणि ते तो मनापासून बोलत असतो.

मोजमाप करणाऱ्यांनाही ही अडचण आलेली आहे. बालपणीचे प्रतिकूल अनुभव आणि प्रौढपणीचे आरोग्य यांचा संबंध दाखवणारा गाजलेला अभ्यास व्हिन्सेंट फेलिट्टी, रॉबर्ट अँडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्या पहिल्या लेखात उपेक्षा हा प्रकार मोजलेलाच नव्हता. तो पुढच्या फेरीत समाविष्ट झाला. डेव्हिड बर्नस्टीन आणि सहकाऱ्यांनी बालपणीच्या आघातांविषयी तयार केलेल्या प्रश्नावलीच्या २८ विधानांच्या संक्षिप्त आवृत्तीत भावनिक उपेक्षेसाठी ५ विधाने आहेत, आणि ती पाचही चांगल्या गोष्टींविषयी आहेत: आपण घरात कोणाला तरी हवे आहोत असे वाटत असे का, घरातली माणसे एकमेकांना धरून होती का, अशा धर्तीची. त्यांचे गुण मग उलटे मोजतात. जे मिळालेच नाही त्याविषयी माणसाला सांगता येत नाही, म्हणून जे मिळायला हवे होते त्याविषयी त्याला विचारावे लागते.

या सेवेची प्राथमिक प्रश्नावली याच समजुतीवर उभी आहे. त्याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी नोंदणी केली होती. तिथल्या अर्जात वाईट घटनांची यादी होती आणि समोर हो किंवा नाही अशी चौकट. माझी सगळी उत्तरे नाही अशी आल्यामुळे मला ताणाच्या व्यवस्थापनाच्या वर्गात पाठवण्यात आले. इथे मला विचारले गेले की आजारपणात माझ्या उशाशी कोण बसत असे, शाळेत काही बिनसले तर ते घरी कोणाच्या लक्षात येई, मला कशाची भीती वाटते हे कोणाला ठाऊक होते, आणि मी रागावले तर पुढे काय होत असे. "आठवत नाही" हेही उत्तर म्हणून स्वीकारले जाईल, असे प्रत्येक प्रश्नाखाली लिहिलेले होते. ही प्रश्नावली भरायला मला अपेक्षेपेक्षा पुष्कळ वेळ लागला, आणि माझ्या मते संपूर्ण सेवेत सर्वांत विचारपूर्वक तयार केलेली गोष्ट हीच आहे.

पहिल्या मुलाखतीत उद्दिष्ट ठरवायचे असते. थेरपीतले सहकार्य तीन गोष्टींवर अवलंबून असते, असे एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली मांडले होते: उद्दिष्टाविषयी एकमत, ते गाठण्यासाठी करायच्या कामाविषयी एकमत, आणि दोघांमधला विश्वासाचा धागा. माझ्या थेरपिस्टनी ही मांडणी मला साध्या शब्दांत समजावून सांगितली आणि मग उद्दिष्ट विचारले. मला अधिक स्वतंत्र व्हायचे आहे, असे मी सांगितले. त्यांनी माझी प्रश्नावली पुन्हा चाळली. एकटी राहते, स्वतःचे स्वतः कमावते, आजारी असले तरी मैत्रिणींना कळवत नाही, घर बदलताना कोणाला हाताखाली बोलावले नाही, हे सगळे मीच तिथे लिहिलेले होते. "मग याहून अधिक स्वतंत्र म्हणजे नेमकं कसं?" असे त्यांनी विचारले. प्रश्नात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर उत्तर हवे होते आणि माझ्याकडे ते नव्हते.

मूल आणि आई यांच्या नात्याचा अभ्यास करणारे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी अशा स्वावलंबनाला सक्तीचे स्वावलंबन म्हटले आहे. ज्या मुलाला आधार मागून मिळत नाही, ते मागणेच सोडून देते आणि बघणाऱ्याला ते शहाणे, समजूतदार, वयापेक्षा मोठे वाटू लागते. मेरी एन्सवर्थ यांच्या प्रयोगांत साधारण वर्षाच्या मुलांना आईपासून थोडा वेळ दूर ठेवले जाई. काही मुले आई गेल्यावर रडत नसत आणि ती परतल्यावरही तिच्याकडे न जाता खेळण्यातच रमल्यासारखी दिसत. पुढे अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले तेव्हा वरून शांत दिसणारी ही मुले आतून चांगलीच अस्वस्थ असल्याचे आढळले. हे मला थेरपिस्टनी सांगितले तेव्हा माझ्या अनेक वर्षांच्या थकव्याला पहिल्यांदा काही कारण सापडले. या सेवेतले सगळे काम पुढे याच दिशेने गेले. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५८ सालच्या एका निबंधात असे म्हटले होते की एकटे राहण्याची क्षमता मूल कोणाच्या तरी सोबतीत शिकते; जवळ कोणीतरी आहे, ते काही मागत नाही, मध्ये पडत नाही, आणि म्हणून मूल निर्धास्तपणे स्वतःत रमू शकते. हे ज्याला मिळाले नाही त्याला एकटे राहण्याची सवय होते, क्षमता मात्र येत नाही. ती पुढे केव्हातरी कमवायची असेल तर त्यासाठीही आधी कोणाची तरी सोबत लागते, आणि ही सेवा प्रत्यक्षात तीच सोबत ठरावीक वेळेसाठी, ठरावीक मर्यादेत देते.

सुरुवातीचे काम भावना ओळखण्याचे होते. भावना असतात पण त्यांना शब्द सापडत नाहीत, या अवस्थेला पीटर सिफनिऑस यांनी १९७० च्या दशकात अ‍ॅलेक्सिथायमिया असे नाव दिले. ज्यांची आबाळ झाली त्या सगळ्यांनाच ती असते असे नाही, परंतु "कसं वाटतंय?" या प्रश्नावर "ठीक" यापलीकडे उत्तर न सुचणे आमच्यासारख्यांच्या नेहमीच्या परिचयाचे असते. इथे तो प्रश्न थेट विचारत नाहीत. जबडा आवळला आहे का, श्वास कुठपर्यंत पोचतो आहे, खांदे कुठे आहेत, अशा शारीरिक खुणांपासून सुरुवात होते. नंतर भावनांच्या शब्दांचा एक तक्ता मिळतो, त्यातला जवळचा शब्द निवडायचा, तो नीट बसत नसेल तर बदलायचा. भावनेला नाव देण्याला केवळ समाधानापलीकडे अर्थ असतो, याला संशोधनाचा आधारही आहे: मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिल्यावर अमिग्डला या, भीतीसारख्या भावनांशी संबंधित असलेल्या मेंदूच्या भागातली सक्रियता कमी झालेली दिसली. तक्त्याविषयी माझा एकच आक्षेप आहे. त्यातले बरेच शब्द एकमेकांचे जुळे भाऊ आहेत आणि एकटेपणाच्या छटा मात्र फारच थोड्या आहेत. ज्यांच्यासाठी तो केला आहे त्यांना नेमक्या त्याच छटा अधिक लागतात.

आता ज्यासाठी मी या सेवेला मनापासून चांगले म्हणते, तो भाग. एका सत्राच्या शेवटी थेरपिस्टनी विचारले की पुढच्या आठवड्यात आपली वेळ तासभर अलीकडे घेता येईल का. "हो, काहीच हरकत नाही," असे मी म्हणाले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही तुमचं कॅलेंडर बघितलं नाहीत." मी म्हटले की माझे जमून जाईल. त्या म्हणाल्या, "जमेलही. पण ते बघायच्या आधीच तुम्ही हो म्हणालात. माझी काही घाई नाही, बघून सांगा." मी कॅलेंडर उघडले तर त्या वेळेला माझे एक काम ठरलेले होते, आणि ते हलवण्यासाठी मला आणखी दोघांना गळ घालावी लागली असती. "मग नाही जमणार," हे वाक्य उच्चारायला मला जो वेळ लागला तेवढा वेळ त्या पडद्यावर शांत बसून होत्या. त्यांनी माझे कौतुक केले नाही, आणि हे मला फार मोलाचे वाटते. शाबासकी मिळाली असती तर मी पुढच्या वेळी त्यांना बरे वाटावे म्हणून नाही म्हणायला शिकले असते. त्यांनी फक्त "बरं, मग नेहमीच्या वेळी भेटू" असे म्हटले आणि सत्र संपले.

पुढच्या सत्रात आम्ही या प्रसंगाकडे वळलो, आणि जवळपास सगळा वेळ त्यातच गेला. होकार माझ्या तोंडून आला तेव्हा मी कुठे होते, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर शोधताना मला दिसले की समोरचा माणूस काही विचारतो आहे एवढे कळताच माझे लक्ष पूर्णपणे त्याच्या चेहऱ्याकडे जाते, त्याला काय हवे आहे याचा अंदाज घेते आणि तो अंदाज माझ्या तोंडून माझे मत म्हणून बाहेर पडतो. विनिकॉट यांनी १९६० साली ज्याला खोटा स्व म्हटले, त्याचे काम नेमके असे चालते: आजूबाजूच्यांच्या गरजा ओळखून त्यांना जुळवून घेणारा एक कार्यक्षम पुढारी मनात बसलेला असतो आणि खरे माणूस त्याच्या आड राहते. त्यात लबाडी नसते. लहानपणी त्यानेच निभावून नेलेले असते आणि माझ्या थेरपिस्टनी त्याच्याविषयी कधीही तुच्छतेने शब्द काढला नाही. स्वत्व घडवणे म्हणजे आत दडलेला कोणी तयार माणूस शोधून काढणे, असे मी आधी समजत असे. इथे हळूहळू कळले की प्रश्न आणि उत्तर यांच्या मधला तो छोटा अवकाश, ज्यात माणूस आपले कॅलेंडर बघतो, तोच पुन्हा पुन्हा वापरून रुंद करायचा असतो.

त्यासाठी दिलेले घरचे काम साधे आहे आणि चांगले आहे. आठवड्यातून एक निर्णय असा घ्यायचा की ज्यात कोणाचे काही बिघडत नाही, आणि तो कोणालाही न विचारता घ्यायचा. निर्णयाआधी दोन ओळी लिहायच्या: मला काय हवेसे वाटते, आणि कोणाला काय आवडेल असा विचार मनात आला का. माझ्या खोलीच्या भिंती मी नेहमी पांढऱ्या ठेवत आले होते, कारण पांढऱ्याला कोणी नावे ठेवत नाही. या कामाच्या निमित्ताने मी एका भिंतीला गडद निळा रंग दिला, काही दिवसांत तो मला डोळ्यांवर येऊ लागला, आणि मी तो बदलून फिकट केला. या सबंध घटनेत मी कोणालाही स्पष्टीकरण दिले नाही. थेरपिस्टनी रंग चांगला की वाईट यात रस घेतला नाही. गडद रंग नकोसा झाला हे मला कशावरून कळले, एवढेच त्यांनी बारकाईने विचारून घेतले. बाहेरून बघणाऱ्याला हे पोरकट वाटेल. पण ज्याला नोकरी, जोडीदार, राहण्याचे ठिकाण यांसारखे मोठे निर्णय घेताना आपल्याला काय हवे हे कळत नाही, त्याने सुरुवात तिथून केली तर तो पुन्हा इतरांच्याच मतांचा आधार घेईल. आवडनिवड ही मोठ्या प्रश्नांवर शिकता येत नाही, हे या सेवेने ओळखले आहे.

थेरपिस्ट सल्ला देत नाहीत, याबद्दल अनेकांची नाराजी असते आणि ती मी समजू शकते. पैसे मोजून मार्ग विचारायला गेल्यावर उलट प्रश्नच हातात पडतात, असे वाटते. पण या विशिष्ट अडचणीसाठी सल्ला घातक ठरतो, असे माझे ठाम मत झाले आहे. आमच्यासारखी माणसे सल्ला ऐकतात, तंतोतंत पाळतात आणि चांगले विद्यार्थी ठरतात. असा माणूस थेरपीतही वाकबगार होऊन बाहेर पडतो आणि त्याला काय हवे ते त्याला पूर्वीइतकेच अज्ञात राहते.

सेवेच्या कामावर स्कीमा थेरपीचा प्रभाव आहे. जेफ्री यंग यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत बालपणी रुजलेल्या १८ घातक धारणा मांडल्या आहेत; त्यांपैकी भावनिक वंचनेचे ते तीन प्रकार करतात: माया न मिळणे, समजून न घेतले जाणे, आणि पाठीशी कोणी उभे नसणे. माझ्या बाबतीत माया होती, ती कामांतून व्यक्त होई. समजून घेणे नव्हते. हा फरक कळल्यामुळे माझ्या आईवडिलांकडे बघणे सोपे झाले. ही सेवा कोणाला दोषी ठरवत नाही आणि कोणाला माफ करून टाकण्याचाही आग्रह धरत नाही. घरच्यांना जाब विचारावा, संबंध तोडावेत किंवा सगळे विसरून जवळ यावे, असे काहीही मला सुचवले गेले नाही. त्यांनाही कोणी विचारलेले नसेल, ही शक्यता आणि तरीही माझे जे राहून गेले ते राहूनच गेले, ही वस्तुस्थिती, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, एवढे मांडून माझ्या थेरपिस्ट थांबल्या. आईवडिलांविषयी काहीही बोलणे म्हणजे कृतघ्नपणा, ही भावना ज्यांच्यात खोलवर असते त्यांना थेरपीतून पळून जावेसे वाटते ते याच टप्प्यावर. इथे घाई झाली नाही म्हणून मी टिकले.

थेरपिस्टकडूनही चुका होतात. एकदा मी बोलत असताना त्यांची नजर दुसऱ्या पडद्याकडे वळली आणि काही क्षण तिथेच राहिली. मी विषय आवरता घेतला, "बाकी सगळं ठीक आहे" म्हटले आणि उरलेला वेळ कामाच्या गप्पांत घालवला. पुढच्या भेटीत त्यांनी आपणहून तो क्षण आठवला, आपले लक्ष गेले होते हे मान्य केले, आणि त्या वेळी माझ्या मनात काय झाले ते विचारले. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत आई काही वेळ निर्विकार चेहऱ्याने बाळासमोर बसे; बाळ आधी हसून, हातवारे करून तिला आपल्याकडे वळवू पाही आणि प्रतिसाद मिळाला नाही की नजर फिरवून आक्रसून जाई. त्यांच्या पुढच्या कामातून हेही स्पष्ट झाले की चांगल्या नात्यातही आई आणि बाळ सदोदित एकमेकांशी जुळलेले नसतात. सूर हरवतो आणि पुन्हा लागतो, आणि तो पुन्हा लागण्यातूनच विश्वास तयार होतो. ज्या घरात सूर हरवल्याचे कोणाच्या गावीही नसते, तिथे हे दुसरे पाऊल मुलाला कधी अनुभवायलाच मिळत नाही. मला ते त्या दिवशी मिळाले, आणि माझ्या लेखी एका अचूक थेरपिस्टपेक्षा ते अधिक उपयोगी पडले.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत मोठी अ‍ॅपविषयी. ते रोज संध्याकाळी मनःस्थितीला १ ते ५ असा आकडा मागते, सलग नोंदी केल्या की अभिनंदन करते आणि नोंद चुकली की आठवण करून देते. दुसऱ्याला खूश ठेवण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याच्या हातात यामुळे आणखी एक परीक्षक येतो. मी काही काळ नियमितपणे ४ आकडा भरत होते, कारण तो समजूतदार वाटे. अ‍ॅपच्या आलेखात माझी प्रगती स्थिर आणि समाधानकारक होती, नेमक्या त्याच काळात मी सत्रांत पहिल्यांदा रडत होते. ज्या सेवेला प्रश्नावलीत इतकी जाण आहे तिने असे उपकरण सोबत का द्यावे, हे मला उमगलेले नाही.

दुसरी तक्रार कल्पनाचित्रणाच्या आणि पत्रलेखनाच्या वेळेविषयी आहे. लहानपणच्या स्वतःला पत्र लिहिणे, जुन्या प्रसंगात कल्पनेने परत जाऊन त्या मुलाची बाजू घेणे, ही स्कीमा थेरपीतली मान्य साधने आहेत आणि पुढे मला त्यांचा उपयोगही झाला. परंतु सेवेच्या छापील आराखड्यात पत्र फार लवकर येते. ज्याला आज या क्षणी आपल्याला भूक लागली आहे की थकवा आला आहे हे धड सांगता येत नाही, त्याला त्या लहान मुलाशी काय बोलावे हे कसे सुचणार? मी तेव्हा एक व्यवस्थित, निर्जीव पत्र लिहून दिले. थेरपिस्टनी ते बाजूला ठेवू दिले हे त्यांचे शहाणपण. आराखडा अजून तसाच आहे. तिसरी बाब लहान आहे: थेरपिस्ट रजेवर गेल्या तेव्हा त्याची सूचना कार्यालयाकडून परस्पर आणि उशिरा आली. लक्षात न घेतले जाणे हाच ज्यांचा मूळ प्रश्न आहे, त्यांच्यासाठी हे प्रशासनाचे काम थेरपीचाच भाग मानायला हवे.

माणूस थेरपीवरच अवलंबून राहील का, ही शंका मला सुरुवातीपासून होती आणि अनेकांना असते. अवलंबून राहावे लागते, काही काळ. कोणावर टेकायचे कसे हेच ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी तो कामाचा भाग असतो. इथे चांगली गोष्ट अशी की ठरावीक काळाने थेरपिस्ट आपणहून आढावा घेतात: कोणत्या गोष्टी आता बाहेरच्या नात्यांत होऊ लागल्या आहेत, कोणत्या फक्त इथेच बोलल्या जातात. आजारी असताना मैत्रिणीला कळवणे आणि ती आल्यावर तिला बसू देणे, हे माझ्याकडून घडले तेव्हा आम्ही सत्रे पंधरवड्यावर नेली. निर्णय मी घ्यायचा होता, आणि मी तो त्याच सत्रात न देता नंतर कळवला. सत्रे संपवल्यावर परत येण्याची मुभा आहे आणि परत येणे हे अपयश धरले जात नाही.

ही सेवा कोणी घेऊ नये हेही सांगायला हवे. जो सध्या हिंसेच्या किंवा छळाच्या परिस्थितीत राहतो आहे त्याला आधी सुरक्षितता लागते, आणि ज्याच्या मनात आयुष्य संपवण्याचे विचार येत आहेत त्याने आठवड्याच्या सत्राची वाट न बघता तातडीची मदत आणि मानसोपचारतज्ज्ञ गाठावा; ही सेवा स्वतःही तसे स्पष्ट सांगते. ज्याला ठरावीक आठवड्यांत ठरावीक निकाल हवा आहे त्याचाही इथे हिरमोड होईल, कारण काम संथ आहे आणि दीर्घ काळ चालवायचे तर खर्चिकही. बाकी ज्यांना आपले सगळे व्यवस्थित असूनही आपण आपल्याच आयुष्यात पाहुणे असल्यासारखे वाटते, त्यांना मी ही सेवा, किंवा अशाच विचाराने चालणारी दुसरी कोणतीही, घ्यायला सांगेन. पहिल्या संभाषणात थेरपिस्टचे शिक्षण आणि नोंदणी विचारावी, गोपनीयतेच्या मर्यादा विचाराव्यात, आणि भावनिक उपेक्षेवर त्यांनी कसे काम केले आहे तेही विचारावे. प्रश्न विचारल्यावर समोरचा माणूस घाईने उत्तर देतो की आधी नीट ऐकून घेतो, याकडे लक्ष द्यावे. उत्तर पटले नाही तर दुसरा थेरपिस्ट मागता येतो. त्यासाठी कारण सांगण्याची सक्ती नाही. अ‍ॅप नको असेल तर नोंदणी करतानाच तसे लिहून कळवावे, कारण सध्या ते सर्वांसाठी आपोआप सुरू होते आणि बंद करून घ्यायला कार्यालयाला स्वतंत्रपणे सांगावे लागते.